गाळलेल्या अठ्ठेचाळीस ओळी

मी माझ्या बहिणीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी आहे आणि ही अकरा मिनिटं मी आजवर कुणाला विसरू दिलेली नाहीत. आम्ही जुळ्या, त्यातही अगदी एकसारख्या. शाळेत बाई आम्हाला ‘ए, तुम्ही दोघी’ अशीच हाक मारायच्या, मग खोडी एकीची का असेना. धाकटीनं फळ्यावर काढलेल्या चित्राबद्दल मी अख्खा तास वर्गाबाहेर उभी राहिले आहे. पाहुणे आले की दोघींत मिळून एक खेळणं आणायचे आणि वर म्हणायचे, “भांडू नका हं.” भांडणार नाही तर काय करणार? राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते, पण तो तिथं कुणी नेऊन बसवला याचा विचार कुणीच करत नाही.

धाकटी आधीपासूनच शांत डोक्याची. ती नर्स झाली, बाळांच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागली, आणि मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन दीड वर्ष घरी बसले. पानांच्या कडा करवतीसारख्या आहेत की लाटांसारख्या हे मला शंभर पावलांवरून सांगता येतं. पण त्यासाठी कुणी नोकरी देत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते आमच्या घरी रोज सकाळी साडेसातला, इस्त्रीचा गणवेश घालून, माझ्यासमोरून जायचं.

मग एका कंपनीची पदवीधर प्रशिक्षण योजना निघाली. कुठल्याही विषयाचा पदवीधर चालेल, सहा महिन्यांत त्याला डेटा इंजिनिअरचं काम शिकवू, सहाव्या महिन्याच्या शेवटी मुलाखत घेऊ आणि बारांपैकी सहा जणांना कायम ठेवू. मी अर्ज केला आणि चक्क निवडले गेले.

“म्हणजे तू तिथं नक्की काय करणार?” आईनं विचारलं.

“माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची. वाटेत ती निवडायची, पाखडायची, चाळायची. खडे काढायचे.”

“धान्य निवडतेस म्हण की सरळ,” आई म्हणाली. त्याहून बरी व्याख्या मला सहा महिन्यांत कुणी दिली नाही.

आमची खोली तळमजल्यावर होती. बारा टेबलं, एक फळा ज्यावरचं जुनं कधीच पूर्ण पुसलं जायचं नाही, आणि ठिबकणाऱ्या एसीखाली एक निळी बादली. शिकवायला जे सर होते त्यांना आम्ही पाठीमागे ‘सबुरी’ म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथंच संपायचं. प्रोग्राम अडकला? सबुरी. मशीन बंद पडलं? सबुरी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलावर शोधायचा. पण एका बाबतीत ते कडक होते. बाहेरून आलेल्या मूळ माहितीला ते ‘कोठार’ म्हणायचे, आणि कोठारात कुणी हात घालायचा नाही. जे काय निवडायचं, गाळायचं, ते त्या माहितीची नक्कल काढून. “घरात आलेलं धान्य आधी झाकून ठेवा, मग सुपात घ्या,” हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं.

पाचव्या महिन्यात मला पहिलं खरं काम मिळालं. शहराचं आरोग्य खातं नव्या बाळांच्या घरी लसीकरणाची पत्रं पाठवतं. ती यादी आमच्याकडे तयार व्हायची, आणि तिच्यात एकेक बाळ दोन-दोनदा यायचं. कारण साधं होतं. जन्म झाला की इस्पितळ नोंद करतं, तेव्हा नाव ठरलेलं नसतं, म्हणून नावाच्या जागी नुसतं ‘बाळ’ लिहितात. पुढे नाव ठरलं की पुन्हा नोंद होते. एकाच घरी दोन पत्रं जायची, आईबाप वैतागून फोन करायचे. माझं काम होतं या दुहेरी नोंदी शोधून एकेक गाळायची.

नावावर विसंबता येत नव्हतं. म्हणून मी नियम केला: आडनाव एक, जन्मतारीख एक, फोन नंबर एक, तर बाळही एकच. तारखेच्या रकान्यात पुढे जन्माची वेळही असायची, पण काही इस्पितळं दुपारचे दोन लिहायची आणि काही चौदा, त्यामुळे एकाच बाळाच्या दोन नोंदी जुळेनात. मी वेळ सरळ कापून टाकली. तारीख राहिली, बस झालं. नमुन्याच्या दोनशे ओळींवर नियम चालवून पाहिला, झकास चालला. सबुरींनीही तपासला, कारण आमच्याकडे दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय काही पुढे जात नाही. पत्रं गेली. तक्रारींचे फोन बंद झाले. आठवड्याच्या बैठकीत विभागाच्या प्रमुखबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी घरी येऊन धाकटीला तीनदा सांगितलं.

पंधरा दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मुलाखत शुक्रवारी होती आणि माझ्याशी कुणी जपून बोलत होतं, कुणी बोलतच नव्हतं.

“ताई, तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना जरा अक्कल शिकव,” धाकटी म्हणाली. ताई म्हणाली की टोमणा येणार हे ठरलेलं. “आज एक बाई आली होती. थेंबांचा डोस देऊन झाला, जाता जाता दारात म्हणते, दुसरी घरी आहे, पण तिचं पत्र नाही आलं. मी यादी बघते तर दुसरं मूलच नाही! जुळ्या मुली आणि यादीत एकच. मी वळेपर्यंत बाई गेली. फोन लावते तर बंद.”

“मग पुढच्या महिन्यात येईल,” आई म्हणाली.

“कसली येतेय? त्या थेंबांना वयाची मर्यादा असते. ठरावीक आठवडे उलटले की देतच नाहीत. तिची मुदत शुक्रवारी संपतेय, शनिवार-रविवार केंद्र बंद.”

घास माझ्या घशातच राहिला. आडनाव एक. जन्मतारीख एक. फोन नंबर एक.

आई पाठीवर थोपटायला लागली, धाकटीनं पाणी पुढे केलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हात तसाच ठेवला. तिला माझं तोंड वाचता येतं, कारण ते तिचंच आहे.

“तू केलंस?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. एरवी तिनं आठवडाभर पुरेल एवढी मजा केली असती. पण तिनं नुसतं पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. जिनं जन्मभर अकरा मिनिटं मिरवली तिनं शहरातल्या सगळ्या बाळांची मिनिटं कापून टाकली होती. माझ्या नियमाप्रमाणे माझी धाकटी बहीण या जगात नव्हतीच. ती माझी दुहेरी नोंद होती, आणि मी ती गाळली होती.

गुरुवारी सकाळी चालत ऑफिसला जाताना माझ्या मनात जे आलं ते सांगून टाकते. नियम गुपचूप दुरुस्त करता आला असता. पुढच्या महिन्याची यादी बिनचूक निघाली असती, राहिलेल्या बहुतेक मुलांना तेव्हा पत्र गेलं असतं, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मुलाखतही निर्धोक पार पडली असती. फक्त ज्यांची मुदत या आठवड्यात संपत होती ती मुलं राहिली असती. ती किती होती हेही मला ठाऊक नव्हतं. निदान एक होती, आणि तिच्या आईला माझ्या बहिणीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

सबुरी आठला येतात. मी साडेसातपासून निळ्या बादलीशेजारी उभी होते. ते आले, डबा टेबलावर ठेवला, आणि त्यांनी खुर्ची ओढायच्या आत मी बोलून टाकलं.

“सर, माझ्या नियमानं जुळी मुलं गाळली.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं आता सबुरी म्हणणार.

“किती?” ते म्हणाले.

“मोजली नाहीत अजून.”

“मग आधी मोजू. रडायचं ते नंतर रड. कोठार उघड.”

कोठार जसंच्या तसं होतं. एक ओळ इकडची तिकडे झालेली नव्हती. मी गाळलेलं प्रत्येक बाळ तिथं वेळेसकट बसलेलं होतं. त्या क्षणी मला या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. दोनाचे चौदा आणि चौदाचे दोन करण्यात आमची सकाळ गेली. सगळ्या वेळा एका पद्धतीत आणल्या, यादी पुन्हा चालवली, मूळ यादीशी ताडून पाहिली. जिथं वेळ लिहिलेलीच नव्हती अशा नऊ नोंदी आम्ही एकेक करून वाचल्या. शेवटी आकडा निघाला. शेहेचाळीस जुळी, एक तिळं. तिळ्यांतली दोन धरून गाळलेली मुलं अठ्ठेचाळीस. त्यांतल्या पाच जणांची मुदत शुक्रवारी संपत होती.

“मला चार नातवंडं आहेत,” सबुरी पडद्याकडे बघत म्हणाले. “सगळी सुटी सुटी जन्मली. त्यामुळे मी नियम तपासला तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, ते एक वेळ ठीक. पण तू?”

मी मुदत संपणाऱ्या त्या पाच जणांची नावं यादीत सगळ्यात वर आणली.

मग त्यांनी आरोग्य खात्याला फोन लावला. “आमच्याकडून चूक झालीय,” ते म्हणाले, आणि एकदाही ‘आमच्या ट्रेनीकडून’ म्हणाले नाहीत. मी कान देऊन ऐकत होते, म्हणून सांगते. दुपारपर्यंत नवी यादी गेली, संध्याकाळपर्यंत केंद्रांनी फोन सुरू केले. शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत त्या पाचांतली चार मुलं थेंब घेऊन घरी गेली होती. उरलेली एक म्हणजे माझ्या बहिणीनं सांगितलेली. फोन अजून बंदच होता.

अकराला माझी मुलाखत. प्रमुखबाई आणि आणखी दोघं टेबलाच्या पलीकडे, सबुरी कोपऱ्यात. प्रमुखबाईंच्या पुढ्यात माझ्याबद्दल काय काय लिहिलेले चार कागद होते. त्यांनी ते उलटे करून ठेवले.

“मला सगळं कळलंय,” त्या म्हणाल्या. “एकच सांग. किती राहिली?”

“एक. फोन लागत नाही.”

“पत्ता आहे?”

“आहे.”

“केंद्र किती वाजेपर्यंत?”

“चार.”

“मग तू इथं काय करतेयस?”

मला वाटलं त्या मला हाकलतायत. कदाचित हाकलतही असतील. पण ते विचारत बसायला वेळ नव्हता. मी उठले, आणि दारापाशी सबुरींनी माझी पर्स हातात दिली, कारण मी ती विसरून निघाले होते.

तिथवर जायला दोन बस बदलाव्या लागल्या, आणि पुढे पत्ता सापडायला दीड तास लागला. शिंप्याच्या दुकानावर दुसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि दारावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: ‘बेल वाजवू नका, मुली झोपल्यात.’ मी बोटाच्या पेरानं दार वाजवलं. माझ्याच वयाची एक बाई बाहेर आली. खांद्यावर ओला टॉवेल, केस कसेबसे बांधलेले. आता ओळख सांगायची, कार्ड दाखवायचं, समजावून सांगायचं, अशी मी मनाशी जुळवाजुळव करत होते, तोच तिनं दार पूर्ण उघडलं.

“तुम्हीच ना परवा केंद्रात होतात? या ना, या.”

आयुष्यात पहिल्यांदा मला धाकटी समजल्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. पण खोटं बोलून आत जाणं बरं दिसेना.

“ती माझी बहीण. आम्ही जुळ्या आहोत,” मी म्हटलं. “मी यादी करणाऱ्या ऑफिसातून आलेय. तुमच्या दुसऱ्या मुलीसाठी.”

तिचा चेहरा एकदम उतरला. ती भिंतीला हात लावून उभी राहिली.

“सांगा,” ती म्हणाली. “काय ते एकदा सांगून टाका. मला कळलंच होतं.”

“काय कळलं होतं?”

“तिच्यात काहीतरी आहे म्हणून. जन्मली तेव्हा हिच्यापेक्षा वजन कमी होतं, आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. मग पत्र हिचं आलं आणि तिचं नाही. मी म्हटलं, तिला झेपणार नसेल म्हणून बोलावलं नाही. पण मला कुणी सांगत का नाही? विचारायलाही धीर होईना. घरात फोन एकच, नवऱ्याचा, तो कारखान्यात बंद करून कपाटात ठेवावा लागतो, तो घरी येतो तेव्हा तुमची ऑफिसं बंद. दहा दिवस झाले, मी नुसती तिच्याकडे बघत बसतेय.”

आमच्याकडे एखादी ओळ चुकून गाळली गेली तर त्याला ‘नोंद सुटली’ म्हणतात. मीही सहा महिने तसंच म्हणत होते. ती ओळ कुणाच्या घरी दहा दिवस असं काही करत बसेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“तिला काहीही झालेलं नाही,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. दोघी एका दिवशी जन्मल्या, आडनाव एक, फोन एक, म्हणून माझ्या प्रोग्रामला वाटलं की मुलगी एकच. मी त्याला तसं शिकवलं होतं. तुमची मुलगी ठणठणीत आहे. तिचं पत्र माझ्यामुळे आलं नाही.”

आता बोलणार, आता फटकारणार, म्हणून मी मान खाली घातली. मी असते तर मी फटकारलं असतं.

“नक्की?” ती म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच.”

“तिच्यात काही कमी नाही ना?”

“काही कमी नाही. फक्त चारच्या आत केंद्रात पोचायला हवं.”

ती खाली बसली, पदरात तोंड घातलं, आणि क्षणभरानं वर बघितलं तर हसत होती. “देवा रे,” म्हणाली. “दहा दिवस मी तिला साधं रडूही दिलं नाही हो! मी म्हटलं, तिला त्रास होईल.” मग उठली आणि भराभर पिशवी भरायला लागली. दोन मुली, दोन हात आणि वर पिशवी. तिनं एक मुलगी उचलून सरळ माझ्या हातात दिली. “धरा हिला. हीच ती.”

मी कधी एवढं लहान मूल धरलं नव्हतं. अंगड्याखाली ती गरम होती, आणि माझ्या ओळखपत्राची दोरी तिनं मुठीत घट्ट पकडली. जिना उतरताना मी पायरीपायरीवर थांबत होते. खालच्या शिंप्यानं मशीन थांबवून रिक्षा बोलावून दिली.

केंद्रात पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. धाकटी दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं, तिला वजनकाट्यावर ठेवलं, कार्ड लिहिलं, आणि चिमुकल्या तोंडात थेंब सोडले. मुलीनं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, आणि मग सगळं गिळून टाकलं.

“झालं,” धाकटी म्हणाली. “पुढचा डोस चार आठवड्यांनी. दोघींना घेऊन या. दोन पत्रं येतील, नाही आली तर या माझ्या बहिणीला धरा.”

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि ऑफिसला फोन लावला. सबुरींनी उचलला, पण मागून प्रमुखबाईंचा आवाज आला. “किती?”

“अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस,” मी म्हटलं. “पाच जणांना आज डोस मिळाला, बाकी सगळ्यांना निरोप पोचलेत.”

तिकडे दोघांची काहीतरी कुजबूज झाली. मग सबुरी म्हणाले, “त्या म्हणतायत, सोमवारी तळमजल्यावर येऊ नकोस.”

“बरं,” मी कसंबसं म्हटलं.

“अगं, सबुरी. तिसऱ्या मजल्यावर ये. तुझं टेबल तिकडे लावतायत. आणि पुढच्या महिन्याची यादी तूच करायचीस असं म्हणतायत. आता जुळ्यांच्या बाबतीत तुझ्याइतकं जपून कोण करणार?”

मी फोन खाली ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला. पडला तो असा पडला की मला तिथंच, त्या बाकावर, सगळ्यांच्या देखत रडू फुटलं. बुधवारच्या घासापासून अडकलेलं सगळंच एकदम बाहेर आलं. मला थांबवता येईना आणि खरं सांगायचं तर थांबवावंसंही वाटेना.

आतून ती बाई आली. एक मुलगी कडेवर, दुसरी खांद्यावर, दोघी टक लावून माझ्याकडे बघत होत्या. ती माझ्याशेजारी बसली, एकीला मांडीवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या हातानं माझी पाठ चोळायला लागली.

“उगी, उगी,” ती म्हणाली. “अहो, थेंबच तर होते, सुई थोडीच होती! ही बघा, हिनं हूं का चूं केलं नाही, आणि तुम्ही एवढ्या मोठ्या रडताय होय?”